पत्रिकेत ‘ठ’ आलं, आता लेकीचं नाव काय ठेवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी कोल्हापुरात, हरतालिकेच्या दिवशी झाली. पत्रिकेत हस्त नक्षत्र, चौथं चरण, अक्षर ‘ठ’. योगायोगानं बाळाच्या पणजीचं नाव ठकूबाई. त्यामुळं आज्जी म्हणतात, अंबाबाईनंच कौल दिलाय, आता दुसरं नाव शोधायचं नाही. आई-वडील दोघंही पुण्यात आयटीत, पुढंमागं परदेशी जायचा विचार. वडिलांच्या मनात ‘कियारा’, आईच्या मनात ‘आर्या’. दवाखान्यातनं जन्मनोंदीसाठी नाव विचारतायत आणि बारसं तोंडावर आलंय. आईनं विचारलंय, अक्षर सोडलं तर पोरीला काही बाधतं का, आणि आज्जींना न दुखवता आजच्या काळात चालेल असं नाव कसं निवडायचं?

ताई, आधी दोन गोष्टी सांगतो, म्हणजे ताण उतरेल. अक्षर सोडल्यानं पोरीला काहीही बाधत नाही. आणि दवाखान्यात आजच्या आज नाव सांगायची सक्तीही नाही. आता सावकाश बघू.

मी इथं पौरोहित्य करतो, पत्रिकाही मांडतो. बारशाला जातो तेव्हा बऱ्याच घरांत नाव ठरलेलं नसतं, आणि उरलेल्या घरांत दोन-दोन ठरलेली असतात. पाळण्याच्या एका बाजूला आज्जी, दुसऱ्या बाजूला सूनबाई, आणि मधे आत्या कुणाचं ऐकायचं म्हणून माझ्याकडं बघत उभी. त्यामुळं तुमचा प्रश्न मला नवा नाही. ‘ठ’ आणि ठकूबाई एकत्र आले हे मात्र नवं आहे.

हे अक्षर येतं कुठनं ते आधी समजून घ्या. नक्षत्रं 27, प्रत्येकाची चार चरणं, असे एकूण 108 भाग. प्रत्येक भागाला एक अक्षर बांधून दिलंय. त्या कोष्टकाला अवकहडा चक्र म्हणतात. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. मघाला मा, मी, मू, मे. ही नशीबवान मंडळी. हस्ताच्या वाट्याला पू, ष, ण, ठ आलीत, आणि उत्तरा भाद्रपदाला दू, थ, झ, ञ. आता ‘ञ’वरनं कुणी नाव ठेवून दाखवावं. ही अडचण जुन्या लोकांनाही कळत होती, म्हणून त्यांनीच पळवाटा करून ठेवल्यात. ङ, ञ, ण आले तर अनुक्रमे ग, ज, ड धरायचे. श आणि स, ब आणि व यांत फरक करायचा नाही. जोडाक्षर असेल तर त्यातला पहिला वर्ण मोजायचा, म्हणजे ‘प्रभा’चा ‘प’. एवढं करूनही जमलं नाही तर चरण सोडून राशीवर यायचं. हस्ताची रास कन्या, आणि कन्येची अक्षरं टो, पा, पी, पू, ष, ण, ठ, पे, पो. म्हणजे अक्षर पाळायचंच असा घरात हट्ट असला तरी तुम्हाला ‘प’चं अख्खं रान मोकळं आहे.

शिवाय एकदा जन्मवेळ तपासून घ्या. चंद्राला एक चरण ओलांडायला साधारण सहा तास लागतात, त्यामुळं पाच-दहा मिनिटांच्या फरकानं सहसा काही बिघडत नाही. पण जन्म चरणाच्या अगदी कडेला असेल तर बिघडतं. हस्ताचं चौथं चरण संपलं की चित्रा लागते आणि अक्षर येतं ‘पे’. दवाखान्यात वेळ घड्याळात बघून लगेच लिहिली की सगळी गडबड आवरल्यावर आठवून लिहिली, ते विचारा. दोन पंचांगांच्या गणितातही काही मिनिटांचा फरक पडतो. फक्त, अक्षर आवडलं नाही म्हणून वेळ सरकवायला कुणाला सांगू नका. पत्रिका पुढं आयुष्यभर वापरायची असते.

आता मुद्द्याचं. नामकरणात बाळाला एकच नाव ठेवायचं असतं, हा समजच मुळात अपुरा आहे. आपल्याकडच्या विधीत चार नावं आहेत: कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं. ताम्हनात किंवा ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीनं ही चारही नावं ओळीनं लिहितात, त्यांची पूजा होते, आणि मग बाळाच्या कानात सांगतात. तुमच्या बारशाच्या फोटोंत ते ताट नक्की दिसेल, पण त्यात काय लिहिलंय हे कुणी झूम करून बघत नाही. महिन्याची नावं तर किती सुरेख आहेत बघा. मार्गशीर्षाचा कृष्ण, पौषाचा अनंत, माघाचा अच्युत, फाल्गुनाचा चक्री, चैत्राचा वैकुंठ, वैशाखाचा जनार्दन, ज्येष्ठाचा उपेंद्र, आषाढाचा यज्ञपुरुष, श्रावणाचा वासुदेव, भाद्रपदाचा हरी, आश्विनाचा योगीश, कार्तिकाचा पुंडरीकाक्ष. तुमच्या लेकीचा महिना भाद्रपद, म्हणजे ‘हरी’.

या चारांतलं अक्षराशी नातं फक्त नक्षत्रनामाचं. व्यवहारनाम मोकळं असतं. म्हणजे ‘ठ’ तांदळावर लिहायचं, आणि आधार कार्डावर काय लिहायचं ते तुम्ही ठरवायचं. याला कुणी पळवाट म्हणेल, पण उलट जुनी रीत हीच आहे. गृह्यसूत्रांत, म्हणजे घरातल्या संस्कारांचे विधी सांगणाऱ्या जुन्या ग्रंथांत, गुरूला वंदन करताना उच्चारायचं एक वेगळं नाव सांगितलंय. ते देवतेवरनं किंवा नक्षत्रावरनं घ्यावं असं गोभिलाच्या सूत्रात येतं, आणि आश्वलायन सांगतात की मुंजीपर्यंत ते आई-वडिलांनाच ठाऊक असावं. थोडक्यात, ते खाजगीतलं नाव होतं. शाळेच्या दाखल्यावर, रेशन कार्डावर, ऑफिसच्या गळ्यातल्या पट्ट्यावर नक्षत्राचं अक्षर यायलाच पाहिजे हा आग्रह अलीकडचा आहे. आज्जींना हे सांगताना ‘तुमचं जुनं झालं’ असं म्हणू नका. त्यांच्याहून जुनं तुमच्या बाजूला आहे असं सांगा. हसतील तरी.

मग अक्षराला इतकं महत्त्व का आलं? जन्मवेळ कागदावर लिहून ठेवायची सोय घरोघरी नव्हती, तेव्हा नावाच्या पहिल्या अक्षरावरनं नक्षत्र ओळखता यायचं. आता बाळ रडायच्या आधी वेळ मोबाईलमधे येते. लग्नात गुण जुळवतानाही जन्मवेळ माहीत असेल तर जन्मनक्षत्रच घेतात. नावावरनं बघायची पाळी वेळ माहीत नसणाऱ्यांवर.

सूत्रातलं ते देवता किंवा नक्षत्र नीट वाचलं तर नावांचा खजिनाच सापडतो, आणि गंमत म्हणजे तिकडं फार कुणी जात नाही. प्रत्येक नक्षत्राला एक देवता आहे. आर्द्रेचा रुद्र, पुनर्वसूची अदिती, उत्तरा फाल्गुनीचा अर्यमा, अनुराधेचा मित्र, शततारकेचा वरुण, रेवतीचा पूषा. स्वातीची देवता वायू, म्हणजे अनिल, पवन, समीर सगळे आले. श्रवणाचा विष्णू, तिथं तर हजार नावांची सोय. एखाद्याला मुलाचं नाव ‘अदित’ किंवा ‘रुद्र’ हवं असतं आणि घरचे नवीन फॅड म्हणून नाक मुरडतात, तेव्हा मी नक्षत्र विचारतो. कित्येकदा जुळून जातं.

तुमच्या हस्ताची देवता सविता, म्हणजे सूर्याचं प्रेरणा देणारं रूप, गायत्री मंत्रातला तोच. त्यावरनं मुलीचं नाव ‘सावित्री’. घरात हाक मारायला सावी. अक्षराशी संबंध नाही, पण नक्षत्राशी थेट आहे, आणि सावित्रीबाईंच्या महाराष्ट्रात या नावाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजीत लिहायला सोपं, बेंगळुरूत आणि बर्लिनमधे दोन्हीकडं उच्चारता येईल असं. माझं मत विचाराल तर तुमच्या यादीत हे सगळ्यात वर घालावं.

अंबाबाईवरनंच हवं असेल तर देवळात रोज म्हटलं जाणारं श्रीसूक्त उघडा. ‘हिरण्यवर्णां हरिणीं’ इथनंच नावं सुरू होतात: हरिणी, चंद्रा, हिरण्मयी, आर्द्रा, प्रभासा, पद्मिनी. कन्या राशीचं ‘प’ आणि महालक्ष्मीचं कमळ एकत्र आणलं तर पद्मा, पद्मजा, पद्माक्षी. तुमच्या घरात ‘पद्मजा’वर एकमत व्हायला फार वेळ लागू नये. त्यात आज्जींचं राशीचं अक्षर आहे, देवी आहे, आणि तुम्हाला इंग्रजी लिहिताना फार त्रास नाही. ललितासहस्रनामात ‘स्वाहा स्वधा मतिर्मेधा श्रुतिः स्मृतिः’ असा एक चरण येतो. त्यातल्या मेधा, श्रुती, स्मृती आपण वापरून वापरून गुळगुळीत केल्या, ‘स्वधा’ मात्र अजून टवटवीत आहे. मुलगा असता तर विष्णुसहस्रनामातनं वेद, कवी, ध्रुव, अनघ, ईशान, अर्क, वरद अशी दोन-तीन अक्षरी नावं काढून दिली असती. लोकांना ही आजची वाटतात. कोल्हापूरकरांना तर केदार हे नाव आयतंच आहे, कारण जोतिबा म्हणजेच केदारनाथ. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर ‘चांगभलं’ म्हणत गुलालात न्हालेला मुलगा कॅलिफोर्नियात केदार म्हणून सहज खपतो.

लांबीचे जुने नियमही सांगून टाकतो, कारण कुणीतरी पाहुणा ते काढणारच. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी, मुलीचं विषम अक्षरी आणि आकारान्त असावं असं आहे. मनुस्मृतीत मुलीचं नाव उच्चारायला सोपं, कठोर नसलेलं, अर्थ स्पष्ट असलेलं, मनोहर आणि शेवटी दीर्घ स्वर असलेलं असावं असं म्हटलंय. एवढा भाग आजही उपयोगाचा आहे. त्याच मनुस्मृतीत वर्णाप्रमाणे नावांची प्रत लावून दिलीय, ती मी बघतही नाही. शाहू महाराजांचे विधी वेदमंत्रांनी करायला पुरोहितानं नकार दिला, तो वेदोक्ताचा वाद याच पंचगंगेवर पेटला होता, आणि राजर्षी शाहूंच्या गावात कुणाच्या पोराला कसलं नाव शोभतं हे जातीवरनं सांगायची कुणाची टाप नाही. शिवाय नक्षत्र, झाड किंवा नदीचं नाव असलेली मुलगी करू नये असाही एक श्लोक तिथंच आहे. आणि आपल्याकडं घरोघरी रेवती, रोहिणी, गंगा, गोदावरी, कृष्णा, तुळसा! लोकांनी तो श्लोक कधी मनावर घेतलाच नाही. पंचगंगेत कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळतात. यातलं तुळशी आणि सरस्वती घराघरात पोचलं. कुंभी नाव ठेवलेलं मात्र माझ्या पाहण्यात नाही.

आता कियारा. नाव कानाला गोड आहे, पण सिनेमातनं आलंय, आणि नेटवरच्या याद्यांत त्याला कुठलाही संस्कृत अर्थ चिकटवलेला असला तरी सहस्रनामात ते सापडायचं नाही. या याद्यांवर माझा फार राग आहे. ‘आरव’चा अर्थ तिथं शांत असा देतात. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, आरडाओरडा. (बाळाच्या दृष्टीनं अर्थ बरोबरच आहे म्हणा.) ‘श्रेयांश’ असं लिहितात, मूळ नाव श्रेयांस, अकराव्या तीर्थंकरांचं. आपल्या शिरोळ-हातकणंगल्याच्या जैन घरांत ते बरोबर लिहिलं जातं, बाहेर शेवटाला ‘अंश’ जोडायच्या नादात बिघडतं. कुठल्याही नावाला मागं ‘अंश’ नाहीतर ‘वी’ लावून नवीन नाव काढायची जी टूम निघालीय, त्यातल्या निम्म्या नावांना अर्थच नाही. अर्थ नसलेलं नाव ठेवायलाही माझी हरकत नाही, पण मग खोटा अर्थ सांगू नका. पोरगी मोठी झाल्यावर शोधणारच.

उलट, नाव संस्कृतच असलं पाहिजे असंही नाही. ज्या छत्रपती घराण्याची गादी आपल्या गावात आहे त्याच घराण्यातली शहाजी आणि शरीफजी ही नावं नगरच्या शाह शरीफ पिरावरनं ठेवली असं सांगितलं जातं. हिंदू घरात शहाजी, बाजीराव, साहेबराव, गुलाब अशी नावं किती पिढ्या चाललीत. परंपरेचं पोट मोठं आहे. तेव्हा कियारा नको म्हणतो त्याचं कारण मूळ कुठलं हे नाही. पाच-दहा वर्षांत सिनेमातलं नाव जुनं होतं, आणि मग नावावरनं जन्मसाल ओळखता येतं.

आर्या चांगलं आहे, देवीचं आहे, त्यावर बोलायला जागा नाही. फक्त तुमचं आडनाव पाटील आहे म्हणता, म्हणून सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यात पाटील किती आणि त्यांत आर्या किती, याचा अंदाज कुठल्याही शाळेचा हजेरीपट बघून येईल. एका वर्गात दोन आर्या पाटील निघाल्या की मग ‘मोठी आर्या’, ‘चष्म्याची आर्या’ सुरू होतं. आडनाव गर्दीचं असलं की नाव जरा कमी गर्दीचं घ्यावं.

कागदांचं बघू, कारण आजच्या काळाशी जुळवायचं ते खरं इथं. जन्म 21 दिवसांत नोंदवायचा असतो. तुमचं बाळ दवाखान्यात झालंय, ती नोंद दवाखाना पाठवतो आणि नाव रिकामं ठेवून नोंद होते. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 14 प्रमाणे नाव नंतर घालता येतं. जन्मनोंदीपासून 12 महिन्यांच्या आत विनाशुल्क, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे महापालिकेत वर्षभरात कधीही जाऊन नाव घाला. पण घाईत भलतंच नाव देऊन ठेवू नका. एकदा नाव चढलं की ते बदलणं म्हणजे शपथपत्र, राजपत्र आणि हेलपाटे. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. शिवाय 1 ऑक्टोबर 2023 पासून कायद्यात बदल झालाय. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, पासपोर्ट, सरकारी नोकरी या सगळ्याला जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा. आधी दाखल्यावर एक आणि शाळेत दुसरं असं खपून जायचं. तुमच्या लेकीच्या पिढीला ते जमणार नाही.

दुसरा बदल महाराष्ट्रातला. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आला. नाव निवडताना आता चार शब्द एकत्र म्हणून बघावे लागतात. बाळाचं नाव ‘आ’वर संपत असेल आणि आईचं स्वरानं सुरू होत असेल तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. ‘ईशा ऐश्वर्या’ भरभर म्हणून बघा, एकच नाव ऐकू येतं. चौघंही पाच-पाच अक्षरी असतील तर फॉर्मवरचे चौकोन पुरत नाहीत. आईचं नाव लांब असेल तर बाळाचं आटोपशीर ठेवा. हे जुन्या कुठल्याच ग्रंथात सापडणार नाही, पण पत्रिका बघायला आलेल्यांना आजकाल मी पहिल्यांदा आईचं नाव विचारतो ते यासाठी.

इंग्रजी स्पेलिंग बारशाच्या दिवशीच कागदावर लिहून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना तेच सांगा. आपला ‘ज्ञ’ आणि ‘ऋ’ महाराष्ट्राबाहेर गेला की घोळ होतो. आपण डी-एन-वाय लिहितो, उत्तरेकडचा माणूस जी-वाय लिहितो, आणि परदेशातला ‘डन्यानेश्वरी’ म्हणतो. ऋतुजाची तिकडं रितुजा होते. अशी नावं ठेवूच नयेत असं माझं म्हणणं नाही. ज्ञानदा हे नाव माझ्या फार आवडीचं आहे, पण ती आयुष्यभर स्पेलिंग सांगत बसणार हे धरून ठेवा. अंकशास्त्रवाले एखादा ‘ए’ जास्त घालायला सांगतात. तो ‘ए’ पुढं प्रत्येक काउंटरवर अडतो.

माझी स्वतःची एक परीक्षा आहे, ती कुठल्या शास्त्रात नाही. आपल्या गावात कुठलंच नाव पूर्ण राहत नाही. सचिनचा सच्या, मंगेशचा मंग्या, संतोषचा संत्या. तालमीच्या कट्ट्यावर बसलेल्या पोरांनी त्या नावाचं काय केलं असतं ते आधीच मोठ्यानं म्हणून बघा. मुलींचं इतकं होत नाही, पण शाळेत होतंच. मग तेच नाव डॉक्टरच्या पाटीवर लावून बघा, आणि शेवटी त्याच्यापुढं ‘आज्जी’ लावा. सावित्री आज्जी, पद्मजा आज्जी छान वाटतं. कियारा आज्जी कसं वाटतं ते तुमचं तुम्ही ठरवा.

हे आज्जीपर्यंत न्यायचं एक कारण आहे. पूर्वी मुलीचं नाव लग्नापुरतं असायचं. लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं की माहेरचं नाव माहेरीच राहायचं. तुमच्या सासूबाईंचंही बदललं असेल, विचारून बघा. आता बहुतेक मुली नाव बदलत नाहीत, काही आडनावही बदलत नाहीत. हे नाव तिला शेवटपर्यंत पुरवायचं आहे.

राहिल्या आज्जी आणि ठकूबाई. पणजीचं नाव पुढं चालावं ही इच्छा रास्त आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. जुन्या घरांत पोरं जगत नसली की दगडू, धोंडू, केरबा अशी नावं ठेवायचे, मुलीच मुली झाल्या की नकुशी. अशी नावं पुढं न्यायची गरज नाही. जवळच्या सातारा जिल्ह्यात 2011 मधे नकुशी नावाच्या मुलींची नावं जाहीर समारंभ करून बदलली, ते योग्यच झालं. ठकूबाई त्यातलं नाही. ठकी म्हणजे पूर्वी पोरींच्या खेळातली लाकडी बाहुली, लाडाचं नाव आहे ते. तेव्हा नक्षत्रनाम म्हणून तांदळावर ‘ठकू’च लिहा. अक्षरही पाळलं जाईल आणि पणजीही येईल. घरात आज्जींनी तिला ठकू म्हणून हाक मारावी. पूर्वी सासूचं नाव नातीला ठेवलं तरी सुनेला ते घेता यायचं नाही, म्हणून घराघरात अक्का, ताई, बाळाबाई अशी दुसरी नावं पडायची. तुमच्या सासूबाईंना ठकूबाईंचं नाव मोठ्यानं घ्यायची संधी कदाचित पहिल्यांदाच मिळेल. मी तर म्हणतो, कानात ते नाव आत्याच्या आधी आज्जींनीच सांगावं.

व्यवहारनामावर मात्र शेवटचा शब्द तुम्हा दोघांचा असू दे. त्यासाठी घरात व्हॉट्सॲपवर मतदान घेऊ नका. पन्नास नावं येतात आणि ज्याचं घेतलं नाही तो रुसतो. तीन नावं तुम्ही निवडा, त्यातलं एक आज्जींना निवडू द्या.

दिवसाचं सांगतो. नामकरणाला अकरावा किंवा बारावा दिवस असेल तर वेगळा मुहूर्त बघावा लागत नाही. हरतालिकेचा जन्म म्हणजे तुमचा बारावा दिवस अनंत चतुर्दशीच्या आसपास येतोय. त्या दिवशी महाद्वार रोडवर मिरवणूक, गाड्या बंद, पुण्याचे पाहुणे शहरात शिरणार कसे? आणि त्यानंतर लगेच पितृपक्ष, तेव्हा आज्जी बारसं करू देणार नाहीत. म्हणून अकरावा धरा, सकाळीच उरका. घुगऱ्यांचे हरभरे आदल्या रात्री भिजत घालायला सांगा. गुजरीतनं वाळे-कडदोरा आणायचा असेल तर तोही आधीच आणा, विसर्जनाच्या तोंडावर तिथं पाय ठेवायला जागा नसते. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणायला चार जणी लागतात, तेवढ्या कोल्हापुरात असतीलच. आत्या पुण्याची असेल तर पाठीत धपाटे बसतात हे तिला अगोदर सांगून ठेवा.

मला जन्मवेळ मिनिटासकट, तुमचं कुलदैवत आणि तुम्हा दोघांची पूर्ण नावं कळवा. चरणाची कड तपासून ताटात लिहायची चारही नावं लिहून पाठवतो. तोवर दवाखान्याच्या फॉर्मवर नावाचा रकाना कोरा ठेवा.